विलायतेचा प्रवास आणि रमाईंचे घर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परदेशगमनाचे दोन टप्पे आहेत. पहिला विद्यार्थिदशेतील: १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि पुढे लंडन. दुसरा लोकप्रतिनिधी या नात्याने केलेला. ४ ऑक्टोबर १९३० रोजी ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून बोटीने निघाले. १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये सुरू झालेल्या या परिषदेत त्यांनी व मद्रासचे रेट्टमलै श्रीनिवासन यांनी अस्पृश्य समाजाची बाजू मांडली. दुसऱ्या परिषदेसाठी त्यांनी १५ ऑगस्ट १९३१ रोजी प्रस्थान ठेवले. १९३२ मध्ये तिसरी परिषद झाली आणि १९३३ मध्ये संयुक्त संसदीय समितीच्या कामासाठी पुन्हा जावे लागले. चार वर्षांत वारंवार विलायत!

या तारखा आपण पाठ करतो. त्या वेळी घरी काय होते, हे क्वचितच विचारतो. बाबासाहेब व रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली होती. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला; एकटे यशवंतराव उरले. पतीच्या शिक्षणाच्या वर्षांत रमाईंनी परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत संसार सांभाळला. गोलमेजच्या वर्षांत खालावत्या प्रकृतीने तोच भार वाहिला. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांचे निधन झाले.

१९४० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला. देशाच्या फाळणीची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथाच्या प्रारंभीच पत्नीचे नाव यावे, ही लहान गोष्ट नव्हे. लंडनच्या सभागृहात उच्चारलेल्या प्रत्येक शब्दामागे घरी कुणीतरी दिवस काढले होते, याची ती जाहीर कबुली होती.

बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. घर सोडून शिकण्याची ती वाट आपणही चाललो आहोत. ट्रंक उचलून फाटकाआत शिरणारे मूल सर्वांना दिसते. फाटकाबाहेरून रिकाम्या हाताने परतणारी आई कुणाच्या ध्यानात राहत नाही.

माजी विद्यार्थ्यांनी या निमित्ताने एक अभ्यास करावा. आपण वसतिगृहात असताना घरी काय काय सोसले गेले, हे आईवडिलांना विचारावे आणि लिहून ठेवावे. रमाईंना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.