घरांशेजारी कार्यालय : हरकतीची मुदत

वस्तीलगत कार्यालयांची मोठी इमारत होणार म्हटल्यावर वाहनांची वर्दळ आणि पाणीपुरवठ्यावरील ताण यांची रहिवाशांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे. अशा इमारतीसाठी विकास योजनेतील निवासी जमिनीचा वापर बदलावयाचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये नियोजन प्राधिकरणाला राजपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. तेव्हापासून एक महिन्याच्या आत कोणाही व्यक्तीला हरकत घेता येते. सुनावणीनंतर प्रस्ताव शासनाच्या मंजुरीसाठी जातो.

हरकत लेखी व मुद्देसूद असावी. केवळ विरोध न नोंदविता रस्त्याची रुंदी, वाहनतळाची सोय, मुलांची शाळेची वाट असे मुद्दे मांडावेत. पाया खोदल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा मुदतीत दिलेला अर्ज अधिक उपयोगी ठरतो. म्हणून शिक्षक व लोकप्रतिनिधींनी ही सूचना वस्तीत वेळीच वाचून दाखवावी.