विहिरीचं पाणी आणि जीबीएस

प्रश्न : आम्ही इंदापूर तालुक्यात राहतो, पाणी विहिरीचं. जीबीएस (गुइलेन-बारे सिंड्रोम) एकाचा दुसऱ्याला होतो का?

उत्तर : नाही, काकू. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत जुलाब करणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्याचं आवरण आपल्या नसांवरच्या घटकांसारखं दिसतं. त्यामुळे पोट बरं होतं, पण प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते. असं फार थोड्यांना होतं.

हा जिवाणू दूषित पाण्यातून आणि कच्च्या चिकनमधून पोटात जातो, म्हणून पाणी खळखळ उकळूनच प्या. ज्या विळीवर कच्चं चिकन कापलं, तिच्यावर न धुता कोथिंबीर चिरू नका. ही चूक घरोघरी होते. जुलाबानंतर आठवडा-दोन आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या, चालताना चप्पल निसटू लागली, तर अशक्तपणा समजून थांबू नका. त्याच दिवशी बारामतीला मोठ्या रुग्णालयात न्या. इम्युनोग्लोब्युलिन हे औषध लवकर मिळालेलं बरं.