जुनें गवताचें रान मोडून नवें गवत लावण्यापूर्वीं जमिनीची तयारी

गवतास नांगर कशाला लावावयाचा, तें देवानें दिलेलें पीक आहे, असा समज आमच्या माणदेशांत अद्याप पुष्कळांचा आहे. महसुली कारकुनींत आमचीं बरींच वर्षें गेलीं. त्या काळांत गांव नमुना बारामध्यें 'गवतपड' हा शब्द आम्हीं स्वतःच्या हातानें कित्येक वेळां उतरून काढला असेल. एकदां तो एखाद्या नंबरापुढें पडला कीं वर्षानुवर्षें तोच चाले. त्या पडींत पवना आहे कीं नुसती कुसळी आहे, हें पाहण्यास बांध ओलांडून कोणी जात नसे. आम्हीही गेलों नाहीं. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी सुरू होऊन ही नोंद खातेदारानें स्वतः करण्याची सोय झाली, तरी गवताकडे पाहण्याची दृष्टि फारशी पालटली आहे असें दिसत नाहीं. चाकरी संपल्यावर आमच्या साडेतीन एकर मुरमाड रानांत नवें गवत लावण्याचा उद्योग आम्हीं केला. तो पहिल्या खेपेस साफ फसला. कां फसला व दुसऱ्या खेपेस काय केलें, हें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

दख्खनच्या पठारावरील मूळचें चांगलें गवत म्हणजे पवना, मारवेल व डोंगरी. देशांतील गवतरानांची पाहणी करून दबडघाव व शंकरनारायण यांनीं १९७३ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या सर्व प्रदेशास पवना-मारवेलाच्याच वर्गांत घातलें आहे. अशा रानांत बारमाही चराई होऊं लागली म्हणजे गुरें गोड गवत बुडख्यापर्यंत खातात व कुसळीस तोंड लावीनातशीं होतात. गोडाला बी धरण्यास अवसर मिळत नाहीं, कुसळीला मिळतो. थोड्याच वर्षांत रान कुसळीचें होतें, आणि तरीही चराई थांबली नाहीं तर ज्यास गुरें हुंगूनही पाहत नाहींत असें खुरटें गवत मागें राहतें. कुसळीही निसवण्यापूर्वीं कापली तर जनावर खातें. पुढें मात्र तिचीं कुसळें गुरांच्या जिभेखालीं व हिरड्यांत रुततात, आणि मेंढ्यांच्या लोकरींतून कातड्यांत शिरतात. खिलार गाय दावणीला कुसळीचा भारा टाकूनही उपाशी उभी राहिलेली ज्यानें पाहिली आहे, त्यास अधिक सांगावयास नको.

तथापि प्रत्येक जुनें रान मोडावेंच असें आमचें म्हणणें नाहीं. मोडण्याआधीं मोजावें. आश्विनांत रानांत फिरून निरनिराळ्या वीस ठिकाणीं तीन हात चौरस सुतळी टाकावी व तेवढ्यांतले बुडखे जातवार मोजावे. पवना, मारवेल, डोंगरी मिळून तिसरा हिस्सा भरले तर नांगर घरींच ठेवावा; तें रान दोन पावसाळे चराईस बंद करून व कुसळी वेळेवर कापून आपोआप सुधारतें. तिसऱ्या हिश्शाचा हा आंकडा आमच्या अनुभवाचा आहे, कोणाच्या पुस्तकांतला नव्हे. हें सर्व आपल्या खात्याच्या जमिनीविषयीं चाललें आहे. गायरान सरकारी असतें. त्यास परस्पर नांगर लावूं नये.

आतां आमची फसगत. आमच्या रानांत वीस सुतळ्यांत मिळून मारवेलाचे चारच बुडखे निघाले. तेव्हां तें मोडावयाचें ठरलें. फाल्गुनांत ट्रॅक्टरनें एक नांगरट केली. वैशाखांत रोटाव्हेटर फिरवून माती पिठासारखी केली. रान असें दिसूं लागलें कीं येणाराजाणारा उभा राहून पाही. मृगाचा पाऊस पडतांच विकत आणलेले मारवेलाचे ठोंब लावले. शेजारच्या वाडीचा एक वृद्ध मेंढपाळ बांधावरून जातांना म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही हरळीचीच लागण केली म्हणायची." आम्हीं हंसून सोडून दिलें. श्रावणांत हरळीनें ओळी बुजविल्या, भाद्रपदांत तिच्यावर कुसळी चढली, आणि दसऱ्यास आम्हीं एक गुंठा मोजून पाहिला तों ३६३ ठोंबांपैकीं ५८ जिवंत होते. ठोंबांचे पैसे, मजुरी व एका वर्षाचा चारा असें तिहेरी नुकसान झालें. चाऱ्यापायीं एक कालवड विकावी लागली, तिचा सल घरांत अजून आहे.

मेंढपाळाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. हरळीचा जीव जमिनीखालच्या पांढुरक्या, पेऱ्यापेऱ्यांच्या काशांत असतो. रोटाव्हेटरनें त्या काशांचे तुकडे होतात आणि डोळा असलेल्या प्रत्येक तुकड्यापासून नवी हरळी उठते. आम्हीं एका काशीच्या वीस केल्या व बारीक मातींत त्या नीट पुरूनही दिल्या. कुसळीची गोष्ट याच्या उलट. तिला काशा नाहींत. बुडखा एकदां उलथला कीं मेला. तिचा जीव बियांत. ओल लागली व वाळली म्हणजे तिच्या कुसळास पीळ पडतो व उलगडतो, आणि त्या योगें बी गिरमिटासारखें मातींत उतरतें. शिवाय ताजें बी लगेच उगवत नाहीं. कांहीं महिने निजून मग पुढील पावसाळ्यांत उठतें. म्हणून वैशाखांतलें स्वच्छ रान पाहून कुसळी गेली असें मानणें व्यर्थ होय. लव्हाळ्याच्या गांठी व भारी काळ्या रानांतला कुंदा यांचा प्रकार आणखी वेगळा आहे. कुंद्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात कीं तसल्या जमिनींत गवत लावण्याचा नाद न करणें बरें; तेथें ज्वारीच घ्यावी.

पुष्कळ लोक चैत्रांत काडी लावून रान साफ करितात. तें सर्वांत वाईट. जाळानें हरळीच्या काशांस धक्का लागत नाहीं, कुसळीचें मातींत उतरलेलें बी वांचतें, आणि वारंवार जाळलेल्या रानांत इतर गवतें हटून कुसळीच बळावते.

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्हीं तयारी लागणीच्या दोन पावसाळे आधींपासून धरली. भाद्रपदांत कुसळी निसवण्याच्या बेतांत येतांच सगळें रान बुडख्यालगत कापून वाळविलें. त्यानें दोन गोष्टी साधल्या: गुरांस खातां येईल असा चारा मिळाला व त्या वर्षाचें बी जमिनीवर पडलें नाहीं. मागून फुटलेलीं कणसें मुलांकडून विळ्यानें छाटून घेतलीं. हें काम क्षुल्लक वाटतें. पण तें चुकलें तर पुढील सर्व मेहनत एका वर्षानें मागें जाते.

परतीच्या पावसाची ओल उतरत असतां, मार्गशीर्षांत, पहिली नांगरट केली. माती ओली असूं नये व दगडासारखीही होऊं नये. फाळाबरोबर ढेकूळ सबंध उलथलें पाहिजे. मुरमाड रानांत वीतभराहून खोल जाऊं नये, नाहींतर मुरूम वर येऊन माती खालीं जाते. फाल्गुनांत आडवी नांगरट केली व ढेकळें तशींच ठेवलीं. हाच आमच्या पहिल्या व दुसऱ्या खेपेतला मुख्य फरक होय. ढेकळांत अडकलेल्या काशांस चैत्र-वैशाखाचें ऊन व वारा सर्व बाजूंनीं लागतो व त्या कुडकुडीत होतात. वरच्यावर दिसतील त्या काशा दांताळ्यानें ओढून घ्याव्या. उकिरड्यावर टाकूं नयेत. पुढें त्याच खतांतून शेतांत परत येतात. उन्हांत पसरून पूर्ण वाळल्यावर जाळाव्या. काशी मेली कीं नाहीं हें पाहण्याची सोपी परीक्षा अशी कीं, वाळलेल्या पांचपन्नास काशा ओल्या गोणपाटांत गुंडाळून सावलींत आठदहा दिवस ठेवाव्या. एकही डोळा फुटला नाहीं तर काम झालें. आमच्या परीक्षेंत पन्नासांपैकीं सहा फुटल्या, म्हणून आम्हीं आणखी एक पाळी घातली.

इतकें झाल्यावर हात शिवशिवतात. मृगांत ठोंब लावावेसें वाटतात. लावूं नयेत. त्या पावसाळ्यांत रानांत बाजरी व हुलगा घ्यावा. बाजरीच्या ओळींतून दोन कोळपण्या व एक खुरपणी होते. कुसळीचें जुनें बी जसजसें उगवतें तसतसें कोळप्याखालीं जातें, आणि शेवटीं हुलगा पसरून जमीन झांकतो त्यामुळें मागून आलेलें रोप सावलीनें दबतें. गवताचें एक वर्ष बुडतें हा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. बाजरीचें सरमाड व हुलग्याचा भुसा यांनीं आमच्या दोन गाईंचा हिंवाळा निभावला. कुसळीच्या भाऱ्यांनीं तो कधींच निभावत नसे. काढणीनंतर पुन्हां एक हलकी नांगरट दिली.

त्यानंतरच्या ज्येष्ठांत लागणीचें वर्ष येतें, पण पहिल्या पावसावर तेव्हांही लागण करूं नये. वखरानें रान सारखें करून रोहिणी-मृगाच्या सरींवर जें उगवेल तें उगवूं द्यावें. दोन पानांवर आलें कीं वखराची उथळ पाळी द्यावी, दोन बोटांहून खोल नाहीं. खोल गेल्यास खालचें निजलेलें बी वर येऊन नवा त्रास होतो. पुढच्या सरीवर पुन्हां उगवलें तर पुन्हां पाळी. आर्द्रा व पुनर्वसु अशीं दोन नक्षत्रें आम्हीं यांतच घालविलीं आणि पुष्याच्या ओलीवर ठोंब लावले. माणदेशांत मधली उघडीप ठरलेलीच असते, म्हणून वीतभर खोल ओल गेल्याशिवाय ठोंबास हात लावूं नये.

उताराच्या रानाविषयीं सावधगिरीचे दोन शब्द. सगळा उतार एकदम उघडा करणें म्हणजे आपली माती ओढ्यास देणें होय. तेथें उतारास आडव्या अशा दहा-दहा हात रुंदीच्या पट्ट्या धरून एकआड एक पट्टी मोडावी व मधल्या पट्ट्या नवें गवत धरल्यावर मोडाव्या. मधल्या पट्ट्यांतील कुसळी मात्र दरसाल बी धरण्याआधीं कापीत गेलें पाहिजे.

तणनाशक फवारून हें सर्व टाळतां येईल काय, असें तरुण मंडळी विचारतात. ग्लायफोसेट हिरव्या, वाढत्या पानांतून आंत जाऊन मूळ मारतें. वाळलेल्या रानावर उन्हाळ्यांत फवारल्यास पैसा फुकट, आणि मातींतील बियांस त्यानें कांहींच होत नाहीं. त्याच्या वापरावर केंद्र सरकारनें २०२२ सालीं निर्बंध घातले, ही गोष्टही लक्षांत असावी. जेथें दोन बैल व कोळपें आहे तेथें आम्हांस त्याची गरज भासली नाहीं.

खताविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. लागणीपूर्वीं एकरीं चार-पांच गाड्या शेणखत पुरे, पण तें पूर्ण कुजलेलें असावें. आमच्याकडे मेंढरें बसविण्याची चाल आहे व ती चांगली आहे. मात्र वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या मेंढरांच्या लेंड्यांतून तिचें बी रानभर पडतें. म्हणून मेंढरें बाजरीच्या आधीं बसवावीं, गवताच्या आधीं नव्हे; म्हणजे उगवलेलीं रोपें कोळपणींत निघून जातात. गवताच्या ओळींत स्टायलोसारखें द्विदल मिसळल्यास चारा कसदार होतो. त्याचें बी टणक सालीचें असल्यामुळें गरम पाण्यांतून काढून मगच पेरावें. पहिल्या वर्षीं नव्या रानांत जनावर मुळींच सोडूं नये. ओल्या जमिनींत कोंवळा ठोंब दांताबरोबर मुळासकट येतो.

ठोंबांचा हिशेब आधीं करावा. दोन फुटांच्या ओळी व ओळींत दीड फूट अंतर धरल्यास एका ठोंबास तीन चौरस फूट जागा लागते. एकराचे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकरीं १४,५२० ठोंब पाहिजेत. इतके विकत घेणें परवडत नाहीं, हें आम्ही पहिल्या खेपेस शिकलों. त्याऐवजीं पहिली नांगरट होते त्याच वर्षीं विहिरीजवळ एक गुंठा जागा घेऊन तींत एक-एक फुटावर ठोंब लावून ठेवावे. १,०८९ बुडखे बसतात. मारवेलाच्या 'फुले गोवर्धन' सारख्या निवडी राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें दिलेल्या आहेत. मूळचे ठोंब तसल्या खात्रीच्या ठिकाणाहून आणावे. बाजरी निघेपर्यंत हे बुडखे चांगले पोसतात व पुढील पावसाळ्यांत एकेकाचे पंधरा ठोंब सहज फुटून निघतात, म्हणजे सोळा हजारांवर झाले. एकराची लागण होऊन सांधे भरण्यासही शिल्लक राहते. या गुंठ्यांत मात्र हरळीची एक काशीही राहूं देऊं नये, कारण ठोंबाच्या मुळांत गुंतून ती सगळ्या रानांत जाईल. ठोंब वेगळे करितांना प्रत्येकाचीं मुळें पाण्यांत धुऊन पाहावीं.