फ्लिक्सबरोची पाचवी टाकी

किनाऱ्यावर वाळत घातलेले नायलॉनचे जाळे आपण सर्वांनी पाहिले असेल. नायलॉनच्या एका प्रकारास लागणारा कच्चा माल म्हणजे कॅप्रोलॅक्टम. तो तयार करणारा एक कारखाना इंग्लंडात लिंकनशायर परगण्यातील फ्लिक्सबरो येथे होता. पेट्रोलासारखाच चटकन पेट घेणारा सायक्लोहेक्झेन नावाचा द्रव तेथे सहा पोलादी टाक्यांतून क्रमाने वाहत असे. टाक्या पायऱ्यांसारख्या उतरत्या मांडलेल्या होत्या. आतील उष्णता १५५ अंश सेल्सिअस, आणि दाब हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट!

२७ मार्च १९७४ रोजी पाचवी टाकी गळताना आढळली. पाहतात तो तिच्या कवचास सुमारे सहा फुटांची चीर! चीर का पडली, हे पुढे चौकशीत उघड झाले. पूर्वीच्या एका लहानशा गळतीवर पाणी ओतले गेले होते. त्या पाण्यातील नायट्रेटनेच पोलाद तडकले. एका दोषावरील उपायातून दुसरा दोष जन्मास आला होता.

परंतु त्या वेळी कारण शोधण्यास कोणासही सवड नव्हती. उरलेल्या पाच टाक्या तपासल्याच नाहीत. आमच्या मते खरी चूक हीच. उत्पादन बंद ठेवून आधी कारण शोधणे अवश्य होते. त्याऐवजी पाचवी टाकी काढून चौथी व सहावी टाकी नळीने जोडण्याचे ठरले. टाक्यांची तोंडे २८ इंचांची, हाताशी असलेली नळी २० इंचांची. टाक्या वरखाली असल्याने नळीस दोन बाक द्यावे लागले. दोन्ही टोकांस भात्यासारखे लवचिक सांधे होते. बाकदार नळीवर दाबाचा जोर कसा पडेल, ह्याचे गणित कोणीच मांडले नाही. कारखान्याचा मुख्य अभियंता नोकरी सोडून गेला होता व त्याची जागा रिकामीच होती. नळीची आकृती काढली ती कार्यशाळेच्या जमिनीवर, खडूने! आम्ही शिक्षकही जन्मभर खडूनेच लिहितो, परंतु आमची चूक फडक्याने पुसता येते.

दोन महिने नळी टिकली. १ जून १९७४, शनिवारी दुपारी पाचच्या सुमारास ती फुटली, द्रवाच्या वाफेचा प्रचंड ढग पसरला व पेटला. २८ माणसे मरण पावली. त्यांतील १८ नियंत्रण-कक्षात होती. कार्यालयाची मुख्य इमारत जमीनदोस्त झाली. शनिवार असल्यामुळे ती रिकामी होती.