फोनजवळची वही

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदारांच्या संकेतस्थळाचा मजकूर मी लिहिला, आणि त्या मजकुराच्याच पायी ते संकेतस्थळ २०१९ च्या ऐन हंगामात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गूगलच्या शोधनिकालांतून नाहीसे झाले. ही हकिगत मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही; परंतु जो सल्ला तेव्हा मला मिळाला व मी निमूटपणे पाळला, तोच सल्ला शेतमालाचे, घरगुती व्यवसायाचे किंवा शिकवणीचे संकेतस्थळ काढणाऱ्या मराठी माणसांना आजही बिनदिक्कत दिला जात आहे, हे पाहिल्यावर मौन बाळगणे मला उचित वाटत नाही.

कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपला आंबा आता दलालाच्या मध्यस्थीविना थेट गिऱ्हाइकाच्या घरी जावा, अशी काकांची (त्या बागायतदारांना मी काकाच म्हणतो) इच्छा बळावली. त्यांनी एका जाहिरात संस्थेला काम दिले; संस्थेने महिन्याभरात पहिल्या पानावर आणण्याची हमी दिली आणि लेखनाचे काम माझ्यावर सोपवले. शोधयंत्रात अमुक क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलने आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. ते एकदा वाचण्याची तसदी मी घेतली असती, तर पुढचा अनर्थ टळला असता.

मला मिळालेला हुकूम असा होता की, ‘देवगड हापूस आंबा ऑनलाइन’ हे चार शब्द प्रत्येक परिच्छेदात किमान तीनदा, आणि तेही विभक्तीचा प्रत्यय न लावता, जसेच्या तसे आले पाहिजेत. ‘आंब्याची’, ‘आंब्यांना’ असे सामान्यरूप झाले की यंत्राला शब्द ओळखता येत नाही, असे त्याचे कारण सांगण्यात आले. मग मी ‘आमचा देवगड हापूस आंबा ऑनलाइन चव अप्रतिम’ अशा धर्तीची वाक्ये लिहिली. शिवाय ३७ शहरांची ३७ पाने तयार केली, ज्यांत शहराच्या नावाखेरीज एका अक्षराचाही फरक नव्हता, आणि त्यांतील बहुतेक शहरांत काकांनी एकही पेटी कधी पाठवलेली नव्हती. पानाच्या अंतर्भागात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, चाळीस सूचक शब्दांची माळ घातली. गूगल ती माळ क्रमांकासाठी विचारातच घेत नाही, हे त्या कंपनीने २००९ मध्येच जाहीर केलेले होते. मसुदा वाचून काकांनी चष्मा काढला आणि एवढेच विचारले, “ह्यां कोण वाचतलो?” मी उत्तरलो की हे यंत्रासाठी आहे. त्या उत्तराची खंत मला आजही आहे, कारण आपल्या बागेबद्दलचा मजकूर एका बागायतदाराला परका वाटतो, यापेक्षा स्पष्ट इशारा दुसरा कोणता असू शकत होता?

पहिले काही आठवडे भेटी वाढल्या आणि सर्वांनी समाधान मानले. नंतर संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात कारवाईची नोटीस आली: पाने केवळ क्रमांकासाठी रचलेली असून वाचकाला त्यांचा उपयोग नाही, असा तिचा आशय होता. संस्थेने फोन घेणे बंद केले. ऑर्डर थांबल्या, झाडावरचे फळ तर थांबणारे नव्हते, आणि त्या वर्षीचा बहुतांश माल वाशीच्या बाजारात पडेल त्या भावाने गेला. आम्ही ती ३७ पाने काढून टाकली, मजकूर बदलला, आणि काय घडले ते काहीही न लपवता नमूद करून पुनर्विचाराचा अर्ज केला. अर्ज मंजूर झाला तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

त्या पावसाळ्यात मी देवगडला गेलो, आणि शोधयंत्रासाठी कसे लिहावे याचा पहिला खरा पाठ मला तिथे, फोनजवळ टांगलेल्या एका वहीत मिळाला. फोनवर गिऱ्हाइके जे जे विचारत, ते काकू त्या वहीत तारखेसह टिपून ठेवत: पेटीत किती डझन येतात? फळ कच्चे पाठवता की पिकलेले? घरी पिकवायचे कसे? फ्रिजमध्ये ठेवले तर चालेल का? आणि पुन्हा पुन्हा येणारा एक प्रश्न: बाहेरून देखणा असलेला आंबा आतून पांढरट, भुसभुशीत का निघाला? गिऱ्हाइकांना या दोषाचा ‘साका’ हा शब्द ठाऊक नव्हता. काकांना दुसरा शब्द ठाऊक नव्हता. विचारणाऱ्याचे शब्द आणि जाणत्याचे शब्द यांच्यामधील हे अंतर ज्या पानावर मिटते, त्या पानालाच शोधयंत्र शोधत असते, हे मला त्या वहीने शिकवले.

मग मी ‘साका’ या एकाच विषयावर एक पान लिहिले. शीर्षकात गिऱ्हाइकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत ठेवला, पहिल्या परिच्छेदात सरळ उत्तर दिले, आणि त्याखाली काकांनी सांगितले ते लिहिले: हा दोष बाहेरून ओळखता येत नाही, तापलेल्या जमिनीच्या उष्णतेशी त्याचा संबंध सांगितला जातो, झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन का घालतात, फळ चौदा आणे तयार झाल्यावरच का काढावे, काढलेले फळ उन्हात का ठेवू नये, आणि इतके करूनही साका निघाला तर आम्ही बदली फळ देतो. यांतले एकही वाक्य दुसऱ्या संकेतस्थळावरून उचललेले नव्हते. ‘हापूस’ हा शब्द जिथे यायचा तिथे आपल्या प्रत्ययांसह आला. सामान्यरूपाचे भय बाळगण्याचे आता तर काहीच कारण उरलेले नाही. वाक्याचा आशय समजून घेणारी ‘बर्ट’ ही पद्धत गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी आणि त्याच डिसेंबरात मराठीसह सत्तरांहून अधिक भाषांसाठी लागू केली.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण त्या वगळू नयेत. प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे असावे आणि महत्त्वाचा शब्द आरंभी यावा, कारण निकालात लांब शीर्षक कापले जाते. शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनाने क्रमांक वाढत नाही, तथापि पान उघडावे की नाही हे वाचक त्यावरून ठरवतो. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवल्यास पाठवताना एकेका अक्षराची किमान नऊ चिन्हे होतात, म्हणून तो रोमन लिपीत आणि आटोपशीर ठेवावा. भावपत्रक चित्राच्या रूपात टाकू नये. ते मजकूर म्हणूनच टंकावे. काकांचे मूळ संकेतस्थळ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होते: पडद्यावर सुबक मराठी, पण यंत्राच्या दप्तरी नुसती अर्थहीन रोमन अक्षरे. अशी पाने अजूनही पुष्कळ आहेत, आणि त्यांतले कष्टाने लिहिलेले ज्ञान कोणाच्याही हाती लागत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अलीकडे मला विचारले जाते की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडूनच शंभर पाने लिहून घेतली तर काय बिघडले? मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पष्ट केले की, क्रमांकासाठी ढिगाने निर्मिलेली निरुपयोगी पाने माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने, तो गैरवापरच होय. मी माझ्या हातांनी ३७ लिहिली होती. त्यामुळे हा नियम मला नवा वाटला नाही.

साक्याचे पान पुढच्या हंगामात हळूहळू वर आले. त्याला महिना नव्हे, जवळजवळ वर्ष लागले. सर्च कन्सोलमध्ये लोकांनी टंकलेले प्रश्न दिसतात. ते मी दर पंधरवड्याला उतरवून घेतो आणि वहीशी ताडून पाहतो. वही आता तिसरी आहे. यंदाच्या पहिल्या पानावर काकूंनी लिहिले आहे: “पेटीतले गवत ओलसर लागले, फळ खराब होईल का?” याचे उत्तर मला माहीत नाही, येत्या रविवारी काकांना विचारून मग लिहायचे आहे.