तपासणीपूर्वी घेतलेला पंप

स्पायरोमेट्री, अर्थात बोलण्यातली ‘फुंकण्याची टेस्ट’, ही दम्याच्या निदानाची मुख्य तपासणी असून तीत रुग्णाने छाती भरून घेतलेला श्वास जोराने सोडल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हे मोजतात, मग साल्ब्युटामॉलचे सहसा 400 मायक्रोग्रॅम देऊन 10 ते 15 मिनिटांनी तेच मोजमाप पुन्हा घेतात. प्रौढांमध्ये दुसरा आकडा किमान 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढल्यास आकसलेल्या श्वासनलिका औषधाने सैल होतात असे दिसून निदानाला बळकटी येते, मात्र त्यासाठी पहिला आकडा औषधाचा अंमल नसतानाचा असावा लागतो.

गफलत होते ती येथेच. रात्रभर धाप लागलेला रुग्ण दवाखान्याचे जिने चढायचे म्हणून निघताना दोन पफ घेतो, त्यामुळे पहिलाच आकडा चांगला येतो, दुसऱ्यात वाढायला फारसा वाव उरत नाही, आणि ‘नॉर्मल’ शेरा वाचून घरचे दमा नव्हताच म्हणू लागतात. पंप सुटतो, दमा मात्र राहतो.

म्हणून निदानासाठीच्या चाचणीआधी साल्ब्युटामॉल किमान 4 तास, दिवसातून दोनदा घ्यायची फॉर्मोटेरॉल वा साल्मेटेरॉलयुक्त औषधे 24 तास, तर एकदाच घ्यायची व्हिलँटेरॉलयुक्त औषधे 36 तास थांबवण्याचा प्रघात आहे. अडचण अशी की बहुतेकांना आपला पंप रंगावरून माहीत असतो, आणि ब्युडेसोनाइडच्या जोडीला बारीक अक्षरात छापलेले फॉर्मोटेरॉल कोणी वाचत नाही. तेव्हा नाव सांगण्यापेक्षा पंपच सोबत नेणे बरे.

ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचे गणित निराळे आहे. ते नलिकांची सूज दिवसा-आठवड्यांनी उतरवते आणि उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे त्या सुजेचा मोजता येणारा माग, कमी करते. साहजिकच नियमित औषध घेणाऱ्याचा हा आकडा कमी आला तर दमा नाही असे नव्हे, औषध लागू पडत आहे असाही त्याचा अर्थ होतो.

यातले काहीही डॉक्टरांना न विचारता बंद करू नये, कारण उपचार कितपत लागू पडले हे पाहायचे असेल तेव्हा चाचणी मुद्दाम औषध चालू ठेवूनच करतात; शिवाय थांबण्याच्या काळात धाप लागलीच तर पंप बेलाशक घ्यावा, तंत्रज्ञाला वेळ सांगावी आणि चाचणी पुढे ढकलण्याची तयारी ठेवावी. शेवटचा पफ कोणत्या औषधाचा व किती वाजता घेतला याची नोंद अहवालावर आग्रहाने करून घ्यावी.