चौकोनी विमानाचा तोल

खोक्यासारखं चौकोनी विमान उडत नाही, हा समज खरा नाही. उडतं, आणि नीट तोललं तर फार गुणी उडतं. पण नेहमीच्या विमानाचे जे ठोकताळे आपण पाठ केलेले असतात, त्यातले दोन-तीन इथे सरळ घात करतात. मांजरसुंब्याच्या वरच्या पठारावर मुलांसोबत असं रिमोटचं मॉडेल उभं करताना जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो आहे. बीडच्या आसपास अभियांत्रिकीचं कोणी ना कोणी पोर हेच खोकं नव्यानं बनवायला घेतं, आणि पहिल्याच फेकीत महिन्याभराची मेहनत पऱ्हाटीत गोळा करत फिरतं. ते टळावं, एवढ्यासाठी.

मॉडेल असं होतं. पंखांचा पसारा १ मीटर, प्रत्येक पंखाची रुंदी २० सेंटिमीटर. एक पंख पुढे आणि खाली, दुसरा मागे आणि २० सेंटिमीटर वर. दोन्हींच्या पुढच्या कडांमधलं अंतर ४५ सेंटिमीटर. टोकांना उभ्या भिंती, त्यामुळे समोरून पाहिलं की आयताची चौकट दिसायची. फोमशीट, बांबूच्या कामट्या, मागे ब्रशलेस मोटर; बॅटरीसकट वजन ८०० ग्रॅमच्या आसपास.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा धोका. दोन्ही पंख सारखे दिसतात, म्हणून तोलबिंदू त्यांच्या मधोमध ठेवावा असं कुणालाही वाटतं. आम्हीही तिथेच ठेवला होता. हातातून सुटताच नाक वर गेलं, वेग मेला, विमान शेपटीवर बसल्यासारखं झालं आणि उलटून ढेकळांत आदळलं. एक मुलगा म्हणाला, “सर, मोटर कमी पडली.” मोटर मुळीच कमी पडली नव्हती. मागचा पंख कमी पडला होता.

पुढचा पंख हवा खाली ढकलतो, तेव्हाच त्याला उचल मिळते. मागच्या पंखाला ही खाली वळलेली हवाच मिळते. नाक थोडं वर गेलं की पुढच्याची उचल पुरेपूर वाढते, मागच्याची मात्र अर्ध्यापेक्षा थोडी जास्तच. सुरक्षित हिशेबासाठी मागचा पंख ६० टक्के धरा. पुढच्या पंखाची उचल त्याच्या रुंदीच्या पाव भागावर, म्हणजे पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर. मागच्याची त्याच कडेपासून ५० सेंटिमीटरवर. दोघं समान ताकदीचे असते तर मध्य २७.५ सेंटिमीटरवर आला असता. ६० टक्के धरल्यावर तो जवळपास २२ सेंटिमीटरवर येतो. हा झाला न्यूट्रल पॉइंट. वजनाचा तोल त्याच्या मागे गेला की विमान कुणाच्याच हाताला लागत नाही. त्याच्या पुढे निदान ३ सेंटिमीटर ठेवायचा, म्हणजे १९ वर. पुढच्या पंखाच्या मागच्या कडेखाली बोटं लावून विमान उचललं आणि ते सरळ राहिलं, तर समजा जागा जमली. डोळ्यांना हा तोल फार पुढे वाटतो. डोळ्यांचं ऐकू नका.

या जागी पुढचा पंख एकूण वजनाचा ६९ टक्के भार उचलतो. त्याचा कोन मागच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त ठेवावा लागतो, आणि वेग कमी झाला की तोच आधी स्टॉल होतो. हे आपल्याला हवंच असतं. पुढचा आधी थकला की नाक आपोआप खाली येतं, वेग परत मिळतो. मागचा आधी थकला तर शेपूट बसते आणि सावरायला उंची उरत नाही.

बाजूच्या भिंतींनी आम्हाला जास्त काळ कोड्यात टाकलं. एवढा मोठा उभा पृष्ठभाग असताना वेगळी उभी शेपटी कशाला, असा विचार असतो. पण ६५ सेंटिमीटर लांब भिंतीवर आडव्या वाऱ्याचा जोर तिच्या मध्यावर येत नाही, तोही पुढच्या पाव भागाजवळ, म्हणजे साधारण १६ सेंटिमीटरवर येतो. आपला तोल १९ वर. म्हणजे ती अख्खी भिंत नाकाला वाऱ्यापासून दूर ढकलते आणि विमान सरळ जायचं नावच घेत नाही. भिंतीचा पुढचा अर्धा भाग कापून टाकला, तिथे नुसत्या कामट्या ठेवल्या आणि मागच्या पंखाशी दोन उभी पाती वाढवली, तेव्हा नाक जागेवर राहिलं.

लॉरेन्स हारग्रेव्हनं १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियात पेटी-पतंग केला, त्यात हेच आहे. त्याच्या पतंगात दोन पेट्या आहेत, आणि मधली जागा मोकळी. १२ नोव्हेंबर १८९४ ला असे चार पतंग जोडून तो स्वतः सुमारे १६ फूट वर उचलला गेला. बरोबर बारा वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९०६ ला, सांतोस-द्युमाँनं पॅरिसला २२० मीटर उड्डाण केलं ते पेट्यांच्याच विमानातून. तेव्हा खोक्याचा आकार विक्षिप्त मुळीच नाही. विमानविद्येचं बालपण त्याच्यातच गेलं आहे. माझ्या मुलांना मी हे आधी सांगतो, म्हणजे त्यांना कुणी हसलं तरी ती खचत नाहीत.

शास्त्रज्ञ प्रांटलनं १९२४ मध्ये गणितानं दाखवलं की ठरावीक पसारा आणि उंचीत बंद चौकटीच्या पंखाला उचलीपोटी येणारा अवरोध सगळ्यात कमी असतो. पुष्कळ विद्यार्थी हे वाचूनच खोक्याकडे वळतात. आपल्या मॉडेलच्या मापाला त्या फायद्यावर विसंबू नये. इतक्या अरुंद पंखांवर आणि कमी वेगात हवेचं घर्षणच जास्त खातं, शिवाय भिंती आणि कोपरे आहेतच. हा आकार त्याच्या शिकवणीसाठी निवडावा, बॅटरी वाचवण्यासाठी नाही.

मोटर वरच्या पंखावर बसवली की थ्रॉटल देताच नाक खाली दाबलं जातं, आणि सोडताच वर उसळतं. शक्य तितकी ती तोलाच्या उंचीला आणा. चौकट हातात धरून पिळून पाहा. चौकोनाचा तिरका चौकोन होत असेल तर आत सुती दोऱ्याचे फुलीसारखे ताण बांधा. पिळणारी चौकट हवेत स्वतःच सुकाणू फिरवते.

आता आपल्या हवेबद्दल. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ पर्यंत गेला की हवा पुस्तकातल्या १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ होते. या मॉडेलला तेव्हा ताशी २५ किलोमीटरच्या खाली तरंगताच येत नाही. म्हणून पहाटेची वेळ धरा. पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती फिरायला लागली की नव्या खोक्याचं काम थांबवा. त्या उभ्या भिंतींना आडवी झुळूकही पुरते. पवनचक्क्यांपासून, परळीच्या वीज केंद्रापासून आणि पाटोद्याकडच्या नायगाव मयूर अभयारण्यापासून लांबच राहा. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर जागा पाहून घ्या आणि विमान नजरेआड जाऊ देऊ नका. लिपो बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

जायरोबद्दल कळकळीनं सांगतो. हल्ली स्वस्तात स्टॅबिलायझर मिळतो आणि तोल चुकलेलं विमानही तो काही मिनिटं धरून ठेवतो. सर्व्हो सारखे थरथरत राहतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि मूळ दोष तसाच झाकून राहतो. बॅटरी उतरू लागली किंवा वाऱ्याचा मोठा झोत आला की तो एकदम उघडा पडतो. म्हणून जायरो आधी बंद. जाड पुठ्ठ्याचं एक-तृतीयांश मापाचं मॉडेल करून हातानं तरंगवा. मग मोठं मॉडेल मोटर न लावता, तितकंच वजन मोटरच्याच जागी बांधून, नांगरलेल्या रानाच्या उतारावरून वाऱ्याच्या तोंडावर सोडा.

पुढे मोटरवर सरळ उडायला लागलं की उंचीवर जाऊन हलका सूर मारा आणि काठी सोडून द्या. विमान आपसूक, सावकाश वर आलं तर तोल ठीक. सूर आणखी खोल होत गेला तर ताबडतोब उतरवून बॅटरी पुढे सरकवा. झटकन उसळून वर आलं तर तोल फार पुढे आहे, बॅटरी ५ मिलिमीटर मागे घ्या आणि पुन्हा पाहा. हे जमल्यावरच जायरो सुरू करा, तोही कमी जोरावर. त्याआधी विमान हातात धरून नाक खाली झुकवा: एलिव्हेटर मागच्या पंखावर असेल तर त्याची पाती वर उठली पाहिजे, पुढच्या पंखावर असेल तर खाली वळली पाहिजे. उलटं झालं तर सेटिंगमध्ये दिशा बदला, आणि ती बदलेपर्यंत प्रॉपेलर काढूनच ठेवा.